अक्कांच्या हातात मावेल एवढं पुस्तक

धुळ्याच्या देवपुरात आमच्या घराला लागून नानांचं घर होतं. नाना शाळेत भूगोल शिकवायचे. मी त्यांच्या वर्गात कधीच नव्हते, पण माझं निम्मं लहानपण त्यांच्या ओट्यावर गेलं, कारण त्या घरात नकाशे होते आणि अक्का होत्या. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. पुढे लग्न होऊन मी जळगावला पिंप्राळ्यात आले, आईबाबा भावाकडे नाशिकला गेले आणि आमच्या देवपूरच्या घराला कुलूप लागलं. तरी ‘धुळ्याला जाते’ म्हटलं की डोळ्यांपुढे आधी नानांचा ओटा यायचा.

पिंप्राळ्याच्या घरात पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटर मांडला होता. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका असली कामं करायची. एका दुपारी अशीच एक पत्रिका जुळवत असताना नानांचा फोन आला.

“पोरी, तू कॉम्प्युटरवर पत्रिका करतेस म्हणे. पुस्तक करता येतं का तुला?”

“येतं की,” मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. तोवर मी एकही पुस्तक केलं नव्हतं.

निवृत्त झाल्यापासून नाना पांझरेच्या काठाने चालत होते. सलग नव्हे. सकाळच्या एसटीने एखाद्या गावी उतरायचं, ऊन चढेपर्यंत नदीच्या कडेने चालायचं आणि मिळेल त्या गाडीने परत यायचं. असं करत करत ते साक्रीकडच्या डोंगरातून, जिथे नदी उगवते तिथून, थेट तापीत ती मिसळते तिथपर्यंत जाऊन आले होते. रोज घरी आलं की पाहिलेलं लिहून काढायचे. बंधारे, पाट, पाटाच्या पाण्यावर सरळ पट्ट्यांत वाटलेली फडाची शेती, पाणी कुणाच्या वाट्याला कधी येतं, कुठल्या वळणावर कुठलं झाड. ते सगळं आता त्यांना पुस्तकात हवं होतं. त्यांनी लिहिलेले कागद बसवाल्याच्या हाती पाठवले. त्यांचं अक्षर फळ्यावरच्या अक्षरासारखं होतं, मोठं आणि सरळ.

मी टाइप करायला बसले आणि दुपारी बदलून गेल्या. घरातली माणसं आपापल्या कामाला गेलेली, खिडकीवर ओला पडदा, पंख्याचा एकसुरी आवाज. नानांच्या ओळींवरून बोटं चालायची आणि हळूहळू खोलीचा विसर पडायचा. मी वाळूतून चालत असायची. बंधाऱ्यावरून पाणी सांडत असायचं. एखाद्या परिच्छेदाच्या शेवटी नाना कुणाच्या तरी मळ्यात बाजेवर बसून ताक प्यायचे, की मलाही गारवा लागायचा. बेल वाजली की मी दचकून उठायची आणि दारात कुणी पत्रिकेचा मजकूर घेऊन उभं असायचं. त्यांना माझा चेहरा झोपेतून उठल्यासारखा दिसत असणार.

मजकूर टाइप झाला, आणि मी मला येत होतं तसं पुस्तक लावलं. येत होतं म्हणजे पत्रिकेसारखं. पत्रिकेत मोकळी जागा सोडली की गिऱ्हाईक म्हणतं, इथे काय राहून गेलं? म्हणून प्रत्येक पानाला वेलबुट्टीची चौकट घातली. मथळे लाल, त्याखाली निळ्यात गावाचं नाव, पहिलं अक्षर हिरवं. तीन तऱ्हेचे फॉन्ट. आणि माझ्या मते कळस म्हणजे प्रत्येक पानामागे फिकट केलेला नदीचा फोटो, त्यावर मजकूर. चांगल्या गुळगुळीत कागदावर थोडी पानं काढली आणि मोठ्या हौसेने धुळ्याची गाडी धरली.

नानांनी पानं घेतली, चष्मा चढवला, बराच वेळ बघत राहिले. शेवटी अक्कांनी त्यांच्या हातातून एक पान ओढून घेतलं. त्या घरात अहिराणीच बोलायच्या.

“पोरी, हाई लगननी पत्रिका शे का पुस्तक?”

“अक्का, पुस्तक आहे.”

“मंग नवरदेव कोठे शे?” त्यांनी पान उजेडात धरलं. “आनि हाई नदीवर बठ्ठी अक्षरं तरी ऱ्हायनात. बुडी जातीन ना माय.”

अक्षरं नदीत बुडतील म्हटल्यावर मी हसले, पण कान तापले होते. नाना म्हणाले, “वाचता येतंय मला. जरा हळू येतंय, एवढंच.” नाना कुणाला दुखवत नसत. त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागलं.

चहा झाल्यावर मी त्यांच्या कपाटापुढे जाऊन उभी राहिले. “नाना, यातली काही पुस्तकं नेऊ का?”

“वाचायला?”

“नाही. बघायला.”

त्यांना ते फार आवडलं. कापडी पिशवीत त्यांनी स्वतः निवडून पुस्तकं भरली. जुनी, नवी, एक तर इतकं जीर्ण की कणा सुटून हातात यायचा. वाचायला सोपी कुठली आणि वाचताना डोळे दुखले ती कुठली, हेही सांगितलं. “दोन्ही ने,” ते म्हणाले. “दुखण्याचं कारणही सापडेल.”

माझं शिक्षण असं सुरू झालं. शाळेतली फूटपट्टी घेतली आणि पुस्तकं मोजू लागले. आधी वाटायचं, पानाच्या चारही बाजूंचा कोरा समास सारखाच असतो. तसा तो नव्हता. चांगल्या पुस्तकात वरचा कमी, खालचा जास्त. मजकूर पानावर किंचित वर उचलून ठेवलेला. आणि पान एकटं नसतंच कधी. पुस्तक उघडलं की दोन पानं एकदम डोळ्यांपुढे येतात आणि मधल्या दुमडीला खांदे लावून बसल्यासारखी दिसतात. इतकी वर्षं पुस्तकं वाचली, हे कधी दिसलं नव्हतं. दिसू नये म्हणूनच पुस्तकं लावणारे तसं करत असावेत, हे मनात आलं तेव्हा मी फूटपट्टी खाली ठेवून नुसतीच बसून राहिले.

फोनवर शिकवणारे व्हिडिओ पाहिले. ते सगळे इंग्रजी अक्षरांबद्दल बोलायचे. त्या अक्षरांना ना वेलांटी, ना उकार, ना रफार. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ओळी लावल्या तर वरच्या ओळीतला ‘कू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘की’च्या वेलांटीला जाऊन टेकायचा. दोघांची टक्कर. मग मी ओळींमधलं अंतर केसभर वाढवायची, पान छापून भिंतीला चिकटवायची आणि दूर जाऊन डोळे बारीक करून बघायची. फार वाढवलं की ओळी एकमेकींना अनोळखी होत. कमी केलं की गर्दी. मधे कुठेतरी एक जागा असायची, तिथे सगळं पान एका राखाडी, मऊ रंगाचं दिसायचं, पहाटेच्या पाण्यासारखं. ती सापडली त्या दिवशी मी नवऱ्याला भिंतीपुढे उभं केलं.

“काय दिसतंय?”

“पान,” तो म्हणाला.

“बरोबर,” मी म्हणाले. मला तेच हवं होतं.

बाहेरही काहीबाही दिसू लागलं. स्कूटरवरून बाजारात जाताना दुकानांच्या पाट्या वाचण्याऐवजी मी त्यांच्या अक्षरांमधली हवा बघायची. सासरच्या शेताकडे, रावेरच्या बाजूला गेलो तर केळीच्या बागेत सऱ्यांच्या मधून लांबवर बघत उभी राहायची. सासू विचारायची, “काय हरवलं?” काय सांगणार? त्या ओळींमधून वारा कसा आत शिरतो ते बघत होते. रात्री झोपेत सुद्धा पानं यायची. मजकूर नसलेली, नुसत्या करड्या पट्ट्यांची, एकामागून एक उलटणारी.

चौकटी गेल्या. रंग गेले. पानामागची नदी गेली. एक फॉन्ट राहिला. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसली, गाडी चुकलेल्या माणसासारखी, तर तिला सोबत द्यायची हेही कळलं. नाना फोनवर अधूनमधून विचारायचे, “नदी कुठवर आली?” मी म्हणायची, “नाना, साक्री सोडलं.” मग, “धुळ्यात शिरली.” त्यांना खूप समाधान वाटायचं.

नदी धुळ्याच्या पुढे निघाली होती तेव्हा नानांचा सकाळीच फोन आला. अक्का मोरीत पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन ठरलं होतं.

“पुस्तक राहू दे आता, पोरी,” ते म्हणाले. “कशात मन नाही.”

ऑपरेशन नीट झालं. अक्का घरी आल्यावर मी भेटायला गेले. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला होता. अक्का उताण्या पडलेल्या, पायांमध्ये उशी, कूस बदलायची नाही असा डॉक्टरांचा हुकूम. ज्या बाईला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं ती छताकडे बघत पडून होती. नाना स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ निवडत होते आणि काहीतरी करपल्याचा वास येत होता.

“काय आनं शे पिशवीमा?” अक्कांनी विचारलं.

पिशवीत पुस्तकाची नमुना प्रत होती. नाना नको म्हणाले होते तरी मी ती आणली होती. पानं छापून घेतली होती, जाड शुभ्र कागदावर, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून गमने चिकटवून घेतली होती. मला ती देखणी वाटत होती. अक्कांनी हात पुढे केला तेव्हा मी ती दिली.

त्यांनी पुस्तक डोळ्यांपुढे वर धरलं. उघडलं, तर ते मिटलं. परत उघडून दोन्ही हातांनी ताणून धरलं. थोडं वाचलं. मग मनगटं थरथरायला लागली आणि पुस्तक धपकन छातीवर पडलं.

“जड शे,” त्या म्हणाल्या. पुन्हा उचललं. “आनि शब्द अंगठाखाले दबी जातस. ह्या आंगना तर दुमडमा बुडी गयात.”

मी वाकून त्यांच्या हातांकडे पाहिलं. खरंच होतं. पुस्तक उघडं राहावं म्हणून अंगठे पानावर दाबावे लागत होते, आणि जिथे दाबावे लागत होते तिथे नानांची वाक्यं होती. आतल्या बाजूचे शब्द कण्याच्या खोल फटीत उतरले होते. भिंतीवर चिकटवून पाहिलं तेव्हा यातलं काही दिसलं नव्हतं. भिंतीला अंगठे नसतात.

“अक्का, तुम्ही बऱ्या झालात की टेबलाशी बसून वाचा,” मी म्हणाले.

“आजलोंग टेबलवर बशीसन कोनतं पुस्तक वाचं मी? माले पडीसन वाचनं शे. तसं कर.”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. नाना दारात उभे होते. त्यांच्या हातात चमचा होता. मी निघताना ते मला नदीवरच्या पुलापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “तू कर पुस्तक. तिने मागितलंय.”

जळगावला बाजाराच्या मागच्या अंगाला एक बाइंडर चाचा होते. वकिलांची जाड पुस्तकं, कॉलेजातले प्रबंध असं काही काही त्यांच्याकडे बांधायला यायचं. मी त्यांना सांगितलं, मला एक कोरं पुस्तक हवं आहे. हलक्या कागदाचं, धाग्याने शिवलेलं, उघडलं की उघडं राहील असं.

“शिलाई?” ते हसले. “बेटी, शिलाई आता कोण मागतं? गम लावतो, कटिंग मारतो, पक्कं होतं.”

“पक्कं होतं, पण मिटतं. पायांमध्ये उशी घेऊन उताण्या पडलेल्या बाईला एका हातात धरायचंय.”

मग मांडीवरचं काम बाजूला ठेवून त्यांनी कपाटातून दोऱ्याचं रीळ काढलं. मोठा कागद त्यांनी दुमडला, पुन्हा दुमडला, पुन्हा दुमडला, आणि तो सोळा पानांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. “हा एक फर्मा. असे फर्मे एकावर एक शिवायचे.” आकार किती, विचारलं. मला सांगता येईना. मी माझा हात पुढे केला आणि म्हणाले, “याच्यापेक्षा जरा लहान हात.” आम्ही दोघं कागद कमी कमी करत गेलो. मी उताणी पडल्याची कल्पना करून गठ्ठा डोळ्यांपुढे धरून बघायची, आणि दुकानात आलेली माणसं मला बघायची.

ते कोरं पुस्तक पिवळसर कागदाचं झालं. फार हलकं. बसमध्ये मी ते उघडून मांडीवर ठेवलं आणि ते तसंच पडून राहिलं, पाखरासारखं. पारोळ्याजवळ खिडकीतून ऊन आत आलं आणि त्या कोऱ्या पानांवरून झाडांच्या सावल्या धावत गेल्या. मला वाटलं असंच ठेवावं, यात काही छापूच नये.

अक्कांच्या हातात ते बसलं. एका हाताने धरलं, दुसऱ्याने पान उलटलं. मग दोन्ही पानं उघडी ठेवून एकाच तळव्यावर तोललं. मी पेन्सिल घेऊन त्यांचा अंगठा जिथे जिथे टेकत होता तिथे हलकी खूण करत होते. किती समास कुठे सोडायचा ते मला असं मिळत होतं.

“काही दुखतंय का हात?”

“नही. चांगलं शे.” त्यांनी पान उलटलं. दुपार होती. खिडकीतून येणारा उजेड कागदातून झिरपून त्यांच्या चेहऱ्यावर पडत होता. “वाचू का?”

“अक्का, यात काही नाहीये.”

“तुले दिसत नही,” त्या म्हणाल्या आणि वाचायला लागल्या.

आधी मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचा आवाज बदलला. हळू झाला. त्या एक एक ओळ म्हणायच्या, थांबायच्या, डोळे पानावर फिरवायच्या आणि पुढे जायच्या. त्यांचं माहेर पांझरेच्याच काठी, खाली बेटावदकडे. उन्हाळ्यात नदी आटली की बायका वाळूत हाताने झिरे खणायच्या. पहिलं पाणी गढूळ, ते वाटीने काढून टाकायचं. दुसरंही. मग तळाशी स्वच्छ पाणी जमायचं, तोवर बसून राहायचं. त्या बसून राहण्यात काय काय बोलणं व्हायचं. वाळूतल्या खरबुजांच्या वाड्या, चांदण्यात त्यांचा वास. गोधड्या धुऊन दगडांवर पसरल्या की सगळा काठ रंगीबेरंगी. लग्न ठरल्याचं त्यांना झिऱ्याशीच कळलं. मैत्रिणीने सांगितलं, आणि त्यांनी वाटीतलं पाणी तिच्या अंगावर फेकलं. मुलगा मास्तर आहे, नकाशे काढतो, एवढंच माहीत होतं. मग सासरी आल्या तेव्हा नदी तीच होती, पण पुलाखालची. इथे तिच्यात उतरायला कुणी देत नसे.

त्या पान उलटत होत्या. प्रत्येक पानावर थोडंच वाचायच्या.

नाना दारात येऊन कधी उभे राहिले ते मला कळलं नाही. अक्का थकून थांबल्या, पुस्तक छातीवर उपडं ठेवलं, आणि जवळजवळ लगेच त्यांना डुलकी लागली. नाना हळूच म्हणाले, “मी तिच्या गावावरून गेलो होतो. बंधारा मोजला. शाळा पाहिली. झिऱ्याचं विचारलंच नाही कुणाला.”

मी अक्कांच्या छातीवरचं पुस्तक हळूच उचलून उशाशी ठेवलं.

“संसार केला सगळा,” ते म्हणाले, “आणि हे आज ऐकतोय.”

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. अक्कांचं बोलणं ते लिहून घेत होते, जसंच्या तसं, अहिराणीत. अक्का आधी नाही म्हणाल्या, मग भांडल्या, मग सांगू लागल्या. आता ते पुस्तकात जायला हवं होतं. कुठे, ते मी ठरवायचं.

मला पहिल्यांदा सुचलं, बाजूच्या रुंद समासात अक्कांचं बोलणं घालावं. नाना मधे, अक्का कडेला. लावून पाहिलं, सुंदर दिसत होतं. पण तिथेच अंगठा टेकणार होता. शिवाय नानांच्या पाटबंधाऱ्यांच्या कडेला बारीक अक्षरात बसलेल्या अक्का मला बघवेनात. तळाशी घालून पाहिलं, तळटीप वाटली. बरेच दिवस ते असंच चाललं. मी भाजी चिरताना, पत्रिका लावताना, दळण आणताना त्या पानांशी बोलत असायची.

शेवटी त्यांना त्यांची स्वतःची पानं दिली. नानांचं एक प्रकरण संपलं की एक पान उलटायचं आणि तिथे अक्का. अक्षर किंचित मोठं. नानांच्या ओळी दोन्ही बाजूंनी सरळ कापलेल्या, फडातल्या शेतासारख्या. अक्कांच्या ओळी त्यांचा श्वास जिथे थांबला तिथे थांबलेल्या. एखादी लांब, एखादी दोन शब्दांची. भोवती भरपूर कोरा कागद.

पानं वाढली, हा नवा पेच. सोळाच्या हिशेबात ती बसेनात. नानांनी आधीच तीन प्रस्तावना मिळवल्या होत्या; एक ओळखीच्या प्राचार्यांची, एक सभापतींची, एक कुणा दूरच्या विद्वानाची, ज्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं असं दिसत होतं. शिवाय शुभेच्छा संदेश, फोटोंसकट. आणि शेवटी लेखकाचा परिचय, तो पाऊणेक फर्म्याचा.

“नाना, काहीतरी काढावं लागेल,” मी भीत भीत म्हणाले.

“अक्कांचं नाही काढायचं.”

“नाही. बाकीचं.”

मग ते म्हणाले, “परिचय काढ. मला ओळखतात लोक.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “संदेश काढ.” प्रस्तावनांना आणखी थोडे दिवस लागले. सभापतींची गेली तेव्हा ते जरा उदास वाटले. विद्वानांची त्यांनी आनंदाने सोडली. प्राचार्यांची राहिली, कारण ती लहान होती आणि चांगली होती.

प्रुफांच्या वेळी अक्का वॉकरला धरून घरातल्या घरात चालू लागल्या होत्या. त्यांची पानं त्यांनी स्वतः तपासली. “शे” कसं लिहायचं यावर वाद नव्हता, पण “ऱ्हायना” यावरून त्यांचं आणि नानांचं चांगलंच वाजलं. नाना म्हणायचे, असं लिहीत नाहीत. अक्का म्हणायच्या, असं बोलतस. मी दोघांच्या मधे पेन घेऊन बसलेली. शेवटी बोलतात तसंच ठेवलं.

छपाई जळगावात झाली. यंत्रातून मोठे कागद बाहेर पडत होते, काही पानं उलटी, काही सुलटी, पानांचे आकडे पुढेमागे विखुरलेले. “थांबवा, चुकलंय सगळं,” मी म्हणाले. छापखानेवाल्याने एक कागद उचलून माझ्यापुढे दुमडला, आणि सगळी पानं आपापल्या जागी येऊन उभी राहिली. चाचांच्या दुकानात मग फर्मे शिवले गेले. त्यांच्या मुली घरी बसून दुमडत होत्या. त्यातली थोरली मला म्हणाली, “ते पाणी फेकल्याचं वाचलं आम्ही. आणखी आहे का पुढे?” नदीच्या पुस्तकाची ती पहिली वाचक.

नानांना प्रकाशन सभागृहात हवं होतं. अक्कांना जिना चढता येत नव्हता, म्हणून ते ओट्यावर झालं. गल्ली जमली, अक्कांच्या माहेरून टेम्पोतून बायका आल्या, नुसता कलकलाट. नानांनी भाषण लिहून आणलं होतं. ते निम्म्यात थांबले आणि म्हणाले, बाकीचं अक्का वाचतील. अक्का खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पुस्तक एका हातात उघडलं, चष्मा सारखा केला आणि सुरुवात केली. माहेरच्या बायका मधेच पुढचं सांगायच्या. कुणी म्हणे, वाटी नव्हती ती, करवंटी होती. त्यावरून पुन्हा वाद.

मी मागे भिंतीला टेकून ऐकत होते. इतके महिने ती पानं माझ्या डोळ्यांपुढे होती, पण त्या संध्याकाळी मला समास आठवले नाहीत, ओळींमधलं अंतरही नाही. मला वाळू दिसत होती आणि तळाशी हळूहळू जमणारं पाणी.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत माझ्याजवळ एकच प्रत होती. शेजारी एक बाई बसल्या होत्या, मुलीकडे एरंडोलला निघालेल्या, मांडीवर भाजीची पिशवी. गाडी धुळ्याबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, “वाचू का जरा?”

मी पुस्तक दिलं. त्यांनी नानांची पानं भराभर उलटली, एका बंधाऱ्यापाशी थोडं थांबल्या, आणि मग अक्कांचं पान आलं. त्यांचे ओठ हलू लागले. मी खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवत होते, पण लक्ष सगळं तिकडे. ओळ संपली की त्या थांबायच्या, अक्का थांबायच्या तसंच. एका ठिकाणी त्या मोठ्याने हसल्या, पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिलं.

“अगदी आमच्या गावासारखं शे हो,” त्या म्हणाल्या. “कोनं करं हाई पुस्तक?”

“देवपूरच्या नानांनी आणि अक्कांनी,” मी म्हणाले.

त्या पुन्हा वाचू लागल्या. पारोळं गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. एरंडोलच्या फाट्यावर कंडक्टरने आवाज दिला तेव्हा त्या लगबगीने उठल्या, पिशवी सावरली आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. बोट अजून पानात घातलेलं.

“राहू द्या,” मी म्हणाले. “पूर्ण करा.”

त्या खाली उतरल्या. गाडी सुटली तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला पिशवी पायाशी ठेवून उभ्या होत्या, बहुधा न्यायला येणाऱ्या मुलीची वाट बघत, आणि वाचत होत्या.